अंबारीतली तलवार

ऐंशीच्या दशकात मी एटापल्लीकडच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. नोकरी अजून कायम झाली नव्हती. संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं, शाळेच्या वर्धापनदिनी गोंडराजाचा सेनापती होऊन हत्तीवरून मिरवायचं. लाकूड डेपोतली हत्तीण मागवली. सजावटीची माहिती देण्याचं काम माझ्याकडे आलं.

मी पुस्तकं चाळून सांगितलं, "साहेब, मानेवर अंकुश घेऊन माहूत बसायचा. मागच्या योद्ध्याकडे लांब भाला नाहीतर धनुष्य असायचं. एवढ्या उंचावरून तलवार खालच्या माणसापर्यंत पोचतच नाही."

"फोटोत तलवारच शोभते," ते म्हणाले.

माहूत पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. हत्तिणीला नदीवर घासता घासता मला म्हणाला, "गुरुजी, हिनं जलमभर लाकडं ओढली, लढाई नाई पाह्यली. फटाके नोका वाजवू म्हणा त्याईले."

शत्रू आग आणि आवाज करून हत्ती बिथरवत, मग ते हत्ती आपल्याच सैन्याला तुडवत, हे मी नववीला नुकतंच शिकवलं होतं. अध्यक्षांना हे सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा त्यांच्याकडे पाहुणे होते. मी परत आलो.

मिरवणूक बाजार चौकात आली, तेव्हा हजार फटाक्यांची माळ लावली. हत्तीण गर्रकन वळली. अंबारी कलली, अध्यक्ष खाली पडले, त्यांचा उजवा हात मोडला. पानठेल्याशी उभ्या असलेल्या एका बाईचा पाय चिरडला. माहुताने कानामागे अंकुश रोवून हत्तिणीला कसंबसं थांबवलं. तो रडत होता आणि तिच्याशी गोंडीत बोलत होता.

चौकशीत ठरलं, माहूत दारू प्यायला होता. काय घडलं, असं मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "मी मागे होतो. मला काही दिसलं नाही." मी अगदी पुढे होतो.

पंधरा दिवसांनी माहूत माझ्या घरी आला. रागावला नाही. "मले कामावरून काढलं. अर्ज लिहून द्या ना गुरुजी."

मी अर्ज लिहिला, चांगल्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता. "साक्षीदार म्हणून सही करता का?" त्याने विचारलं. मी पेनाला टोपण लावलं. तो कागदाची घडी करून निघून गेला.

अर्जाचं काही झालं नाही. तो बल्लारपूरला बांबूचे ट्रक उतरवायला लागला, असं कळलं. त्याच उन्हाळ्यात माझी नोकरी कायम झाली. हुकूम अध्यक्षांनी डाव्या हाताने दिला, आणि मी वाकून नमस्कार केला.