मेकॅनिक असल्याचा दाखला

मावसभाऊ उरणहून ऐरोलीला आला तो फाइल घेऊन. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, एवढ्यावरून नातेवाईक इंग्रजी कागद तपासायला माझ्याकडे आणतात.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातल्या एका लहान गावात शेतीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपला डिझेल मेकॅनिक हवा होता. तिथल्या मालकाने भावाची मुलाखत घेऊन त्याचं नाव सरकारकडे पाठवलं होतं. अशा व्हिसावर काही वर्षं त्याच भागात राहून काम करावं लागतं, मग कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. बायको आणि मुलगी याच अर्जात होत्या. त्याचा अर्ज फेटाळला गेला की तिघांचाही.

बाकी कागद ठीक होते. भाऊ उरणच्या ज्या कंटेनर यार्डात कामाला होता, तिथल्या शेठचं अनुभवपत्र तेवढं मी दोनदा वाचलं. त्यात भाऊ सुपरवायझर होता. माणसांवर देखरेख ठेवत होता.

"तू देखरेख करतोस?"

"दादा, नखं बघ ना माझी."

नखांच्या कडा काळ्या होत्या. मी सांगितलं, अर्ज मेकॅनिकच्या जागेचा आहे, अनुभव मेकॅनिकचाच दाखवावा लागेल. हे पत्र जोडलंस तर ते तुझ्याच विरोधात जाईल.

"शेठनी प्रेमानं लिहिलंय. मला नाय जमणार बोलायला. तू चल."

शनिवारी उरणला यार्डात गेलो. भावाची बायकोही आली. शेठ मूळचे तिथलेच, आगरी. जमीन बंदरासाठी गेल्यावर त्यांनी आधी ट्रेलर घेतले, मग यार्ड टाकलं. मी मुद्दा मांडला. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"माझा मानूस परदेशी चाललाय. त्याला काय फिटर म्हनून धाडू?"

"काम तेच आहे ना, शेठ?"

"काम तेच हाय. पन पत्रकार, याच्या लग्नाच्या बैठकीत मी बसलो होतो. याच्या सासऱ्याला मी सांगितलं, पोरगा सुपरवायझर हाय. आता सही करून उलटं लिवू? तो मानूस मला काय म्हनंल?"

भाऊ जमिनीकडे बघत उभा होता. भावाच्या सासऱ्यांना दिलेला शब्द शेठना अनुभवपत्राहून मोठा वाटत होता.

भावाची बायको म्हणाली, "काका, लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ह्यांचे कपडे मीच धुतले. ग्रीस काढायला दोन साबण लागले. तेव्हाच कळलं."

"तवा बापाला नाय सांगितलंस?"

"विचारलं कुणी? आता सांगते. ह्या अर्जात माझं आणि पोरीचंही नाव आहे."

शेठ हसले नाहीत. त्यांनी कारकुनाला हाक मारली आणि मला म्हणाले, "बोला, काय लिवायचं."

मी मजकूर सांगत गेलो: इंजिन उघडणं, गळती शोधणं, ब्रेकचं काम. कारकून टाइप करत होता. शेठनी मध्येच हात वर केला.

"गिअरबॉक्स राहिला. कंटेनर उचलायच्या मशिनचा गिअरबॉक्स हा एकटा बांधतो. बाकी कोनाला हात लावू देत नाय मी. ते लिवा."

ते लिहिलं. पुढची चार कामंही त्यांनीच सांगितली, आणि भावाने मान वर करून त्यातलं एक दुरुस्त केलं. शेठनी सही केली, शिक्का मारला, जुनं पत्र फाडलं.

भावाची बायको तोवर दाराबाहेर जाऊन वडिलांशी बोलत होती. आत ऐकू येत होतं.

"मेकॅनिक, बाबा. नाही, काढून नाही टाकलं. पहिल्यापासूनच. हो, मला माहीत होतं."  मग ती आत आली आणि फोन शेठपुढे धरला.

"काका, तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फोन घेतला.