हंगामाच्या लिलावातली गिटार

१९६६, नोव्हेंबरचा शेवटचा रविवार, दुपारचा एक. रक्कम शेहेचाळीस रुपये. हजर: पाळकसाहेब, मंडळीचे दोन पंच, खजिनदार म्हणून मी, माझा वीस वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि अमरावतीच्या आमच्या ख्रिस्ती देवळाच्या आवारात उभी असलेली सत्तरेक माणसं. मोजली नव्हती, म्हणून सत्तरेक.

हंगामाच्या सणाला आमच्या मंडळीत प्रत्येक घर आपल्या कमाईतलं काहीतरी आणतं. शेती असेल तो ज्वारी, संत्री, कापूस आणतो. नसेल तो कोंबडी, अंडी, शिवलेलं झबलं. उपासनेत सगळं वेदीपुढे मांडायचं आणि नंतर आवारात लिलाव करायचा. पैसा मंडळीच्या खात्यात जातो. एका लिंबाला पाच रुपये मिळालेले मी स्वतः लिहून घेतले आहेत. त्या दिवशी भोपळे आणि संत्र्यांच्या टोपल्या संपल्यावर माझ्या मुलानं आपली गिटार टेबलावर ठेवली.

ती त्यानं सव्वा वर्षापूर्वी बडनेऱ्याच्या एका रेल्वे गार्डाकडून एकशे दहा रुपयांना घेतली होती. छापखान्यात खिळे जुळवून जमवलेले पैसे होते. गार्डाची बदली झाली होती आणि त्याला सामान कमी करायचं होतं. त्याच्या घरी विलायतेहून भाच्यानं पाठवलेली एक तबकडी होती. तिच्यात तरुण पोरं देवाची गाणी गिटार आणि ड्रमवर, नाचाच्या गाण्यासारखी म्हणत. बदलीपूर्वी माझा मुलगा ती तबकडी ऐकायला दर रविवारी दुपारी बडनेऱ्याला जाई. शब्द फारसे कळत नसत. ठेका घेऊन येई.

मुलांची आई १९६६ च्या फेब्रुवारीत गेली. मिशनच्या दवाखान्यात एकोणीस दिवस होती. लोक भेटायला येत, कसं झालं विचारत, मी त्यांना ताप किती होता ते सांगत असे. रडलो नाही. पुढेही काही वाटलं नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी होती, ती चुकवली नाही. मंडळीचे हिशेब होते, तेही चुकवले नाहीत.

गाणी मुलानं त्यानंतर लिहायला घेतली. एकदा मला म्हणाला, "बाबा, आपल्या पुस्तकातली सारी गानी मेल्यावरची हायेत. माय गेली तवा बी तेच म्हटलं, सोन्याचं शहर अन् मोत्याचे दरवाजे. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारचं गानं कोनी लिहून नाही ठेवलं."

"सोमवारचं काय लिहायचं असते?"

"नळावरचं. रेशनच्या रांगेतलं. देव तिथं नसते का?"

मी "असेल" म्हणालो आणि जेवणाच्या डब्याला झाकण लावलं.

त्यानं दोन सोबती गोळा केले. एक ढोलक वाजवी, दवाखान्यात शिकणारी एक नर्स गाई. त्यांचं पहिलं गाणं संध्याकाळच्या तरुणांच्या सभेत झालं:

रविवारी हात जोडले, सोमवारी कावून सोडले?
नळावर म्हातारी उभी होती, तिले कोनं पुढं सोडलं?

पोरांना आवडलं. पुढच्या सोमवारी नळावर एका म्हातारीला तीन पोरी एकदम "आजी, तुमी भरा" म्हणू लागल्या, तेव्हा ती घाबरली आणि हंडा रिकामाच घेऊन परत गेली. हे मला मुलीनं सांगितलं. आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं ते त्या वेळी. मुलगा आणि मुलगी हसले.

पंचांपैकी एक सेवानिवृत्त शिक्षक होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत; उपासनेत पेटी तेच वाजवीत. त्यांना ढोलक चाले, कारण ते भजनात असतं. गिटार चालत नसे. "ते सिनेमातलं वाद्य हाये," ते म्हणाले. "उद्या नाचनारी बाई आनसान."

"मास्तर, तुमची पेटी बी तमाशात असते," मुलगा म्हणाला.

"जबान आवर बे."

"आवरतो. पन पेटीले काय म्हनता ते सांगा."

पाळकसाहेबांनी मध्ये पडून हंगामाच्या उपासनेत एक गाणं म्हणायची परवानगी दिली. मुलगा आठ दिवस खोलीचं दार लावून बसला. शनिवारी मला म्हणाला, "बाबा, उद्या पुढच्या बाकावर बसा. दानाची थाळी घेऊन मागं उभे राहू नका. तुमच्यासाठी हाये." मी हो म्हणालो. पण रविवारी थाळी धरणारा दुसरा माणूस आला नाही, म्हणून मी मागेच उभा राहिलो.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं दुकानदाराचं, दुसरं शेजारणीचं. तिसरं असं:

दानाची पै-पै मोजली कोनं, पावती पक्की केली,
घरात पोर उपाशी निजली, तिले कोनं हाक देली?

मंडळीत पावती करणारा माणूस एकच होता. पुढच्या बाकांवरची डोकी एकेक करून मागे वळली. माझ्या हातात थाळी होती. तिच्यात साडेअकरा रुपये आणि काही सुटे होते. मला राग आला नाही, लाजही वाटली नाही. ते कडवं खरं आहे की खोटं, एवढंच मी आठवून पाहत होतो.

उपासना सुटल्यावर मुलीला बाजूला घेऊन विचारलं.

"तू कधी उपाशी निजली होती?"

"हो. पंचांची सभा आपल्या घरी होती तवा. भाऊ छापखान्यात होता."

"मले सांगितलं कावून नाही?"

"तुमी मोजून राहिले होते, बाबा."

सभा ऑगस्टमध्ये झाली होती. तीन महिन्यांत हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

तिकडे आवारात मास्तरांनी मुलाला धरलं होतं. "बापाचा देवळात पानउतारा करतं? माफी माग. नाहीतर हे लाकूड आवारात आनू नको."

"मी शिवी नाही देली मास्तर. बाबाले घरी बोलता येत नाही, म्हनून गान्यात बोललो."

"मंग माफी मागशील का नाही?"

मुलानं पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांचा त्या दिवशीचा उपदेश असा होता की जे दिल्यानं आपल्याला झळ लागत नाही ते दान नव्हे. मुलगा म्हणाला, "साहेब, मी अजून हंगामाचं काही आनलं नाही." आणि गिटार टेबलावर ठेवून तो विकलेल्या संत्र्यांच्या टोपल्यांजवळ जाऊन उभा राहिला. तिथून तो माझ्याकडे पाहत होता.

आता नियमाचं सांगितलं पाहिजे. पूर्वी आमच्याकडे बायका कोंबडी दान देत आणि नवरे तीच कोंबडी दीड रुपयात सोडवून घरी नेत. बाजारात तिचे पाच रुपये होत. दोन वर्षं हे पाहून मी १९६१ मध्ये पंचांपुढे ठराव मांडला की ज्या घरची वस्तू, त्या घरानं बोली लावू नये. देवाला दिलेलं स्वस्तात परत घेणं बरोबर नाही, असं कारण मी लिहिलं होतं. ठराव एकमतानं पास झाला आणि पाच वर्षं कोणी मोडला नाही.

माझ्या खिशात त्या दिवशी पगारातले बासष्ट रुपये होते. दुसरा पंच बोली पुकारत होता. एक रुपया. पाच. पोरांनी मिळून अकरापर्यंत नेली. मग फाटकाजवळून कोणीतरी वीस म्हणालं. तो अकोल्याचा एक बँडवाला होता. लग्नाच्या सुपाऱ्यांसाठी अमरावतीला आला होता आणि स्वस्त संत्री घ्यायला आत शिरला होता. लिलावाला बाहेरच्या माणसांना बंदी नव्हती. नर्सनं पंचवीस म्हटलं. तिच्याकडे तेवढे नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बँडवाला तीस. पोरांनी मिळून चाळीस.

पुकारणारा पंच थांबला आणि मला हळूच म्हणाला, "तुमी बोला ना. आज कोनी काही म्हननार नाही."

"नियम हाये," मी म्हणालो.

"तुमचाच हाये ना, बाप्पा. तुमीच मोडा."

मास्तरसुद्धा खाली पाहत होते. तेव्हा बोललो असतो तर कोणी बोट दाखवलं नसतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. मी पेन्सिल धरून उभा राहिलो. बँडवाल्याचे शेहेचाळीस एक वार, दोन वार, तीन वार. मी वस्तूच्या रकान्यात 'गिटार, एक' आणि देणाऱ्याच्या रकान्यात मुलाचं नाव लिहिलं. मान वर केली तेव्हा तो फाटकाबाहेर गेला होता.

घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी छापखान्यातून निरोप आला की त्यानं नोकरी सोडली आणि तो त्या बँडवाल्याबरोबर अकोल्याला गेला. मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता स्वयंपाक कोन करन?" आईनंतर संध्याकाळचा स्वयंपाक तोच करत होता. हे मला माहीत होतं, पण कोणी असं मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

मी स्वयंपाक शिकलो. भात तीन वेळा लागला. सात वाजता वाढायचं ठरवलं आणि ती वेळ पाळली. सभा असली तर सात वाजता उठून येऊ लागलो. मास्तर म्हणाले, "हिशेब अर्धा राहिला." मी म्हणालो, राहू द्या. जानेवारीत खजिनदारी सोडली. त्यानं बरं वाटलं असंही नाही.

मार्चमध्ये एका रविवारी अकोल्याला गेलो. बँडवाल्याची खोली बाजारामागे होती. भिंतीवर कर्णे टांगलेले, खाली मुलगा चिंचेनं झांजा घासत बसलेला. गिटार कोपऱ्यात खिळ्याला होती. मालक बाहेर खाटेवर होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं मला बसायला दिलं.

"पोट्टा इमानदार हाये तुमचा," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मायाकडं आला, म्हने गिटार उधार द्या, वरातीत वाजवून फेडतो. म्या म्हटलं, वरातीत गिटार कोनाले आयकू येते? झांजा वाजव. वरातीमागं दोन रुपये कापून राहिलो. सोळा वराती झाल्या. चौदा राहिले. रविवारी सुट्टी मागते, इथल्या देवळात गानी म्हनाले."

मी आत गेलो. मुलगा उठला नाही.

"बाबा, तुमी कावून आले?"

"अकोल्याले काम होतं."

"रविवारी?"

"नाही. काम नव्हतं."

तो झांज घासत राहिला. मग त्यानं बहिणीबद्दल विचारलं, "ते जेवते का?"

"सात वाजता. मी वाढतो."

"काय वाढता?"

"वरन-भात. शनिवारी भाकर. जाड होते."

त्यानं झांज खाली ठेवली. मी म्हणालो, "चौदा राहिले म्हनतात. मी देऊ का?"

"तुमचा नियम हाये ना."

"तो बोलीचा होता. बोली नोव्हेंबरात संपली."

"तुमी कलमाबाहेर काही करतच नाही," तो म्हणाला, पण रागानं म्हणाला नाही. त्यानं खिळ्यावरच्या गिटारीकडे पाहिलं. "द्या. पन मी घरी येतो असं नाही म्हटलं."

घरी ये, हेच म्हणायला मी गेलो होतो. शब्द तयार होते. म्हणालो, "बरं."

बाहेर येऊन मालकाला पैसे दिले. दहाची एक नोट, दोनच्या दोन. त्यानं पावतीवर कोणाचं नाव घालू विचारलं. मी मुलाचं सांगितलं. एकूण शेहेचाळीस: मुलानं बत्तीस, मी चौदा. बँडवाल्याला पोचले.