फेरीत न विचारायचा प्रश्न

बडोद्यात ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, "शुं करो छो?" म्हणजे पोटासाठी काय करता. रिक्षावाला विचारतो, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेला विचारतो, दवाखान्यात नंबर लावून बसलेली बाईसुद्धा विचारते. कोणाला त्यात आगाऊपणा वाटत नाही. हा प्रश्न जिथे चालत नसे अशी शहरातली एकच जागा मला माहीत होती. ती म्हणजे आमची सकाळची फेरी.

आम्ही हौशी रेडिओवाले. परीक्षा द्यायची, सरकारी परवाना घ्यायचा, सुटे भाग जमवून घरीच संच बांधायचा आणि गावातल्या, परगावच्या परवानेवाल्यांशी बोलायचे, एवढाच हा छंद. बोलून काय मिळते, याचे उत्तर मला बायकोला कधी देता आले नाही. रोज सकाळी सातला आम्ही सहाजण एका ठरलेल्या लहरीवर येत असू आणि एकजण क्रमाने प्रत्येकाला बोलावत असे. यालाच आम्ही फेरी म्हणायचो. हवेत एकमेकांना 'ओ.एम.' म्हणायची जगभरची रीत आहे. ओल्ड मॅन, दोस्ताला 'काय म्हाताऱ्या' म्हणावे तसे. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "उठल्यापासून ओम ओम चाललंय. देवापुढे उदबत्ती लावायला मात्र वेळ नाही."

फेरीत प्रत्येकजण आपापल्या भागाच्या नावाने ओळखला जाई. फेरी चालवायचे हरणीचे काका. परवान्यात अट असते की धंद्याचे निरोप हवेतून पाठवायचे नाहीत. अट तेवढीच. काकांनी ती ताणून एवढी लांब केली होती की कोणी "आज ऑफिसात उशीर होणार" म्हटले तरी ते मध्येच तोडत. "पोटाच्या गोष्टी खाली. वर फक्त हवापाणी." त्यांच्या आवाजाला असा दरारा होता की ते पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झालेले साहेब असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. दुसरे अलकापुरीवाले. आमच्यासारखेच मराठी, पण हवेत बोलत ते इंग्रजी, आणि ते इतके स्वच्छ की माणूस मोठ्या कंपनीत मॅनेजर असल्याबद्दल कोणाला शंका नव्हती. मांडवीचा भाई गुजराती, खरखरीत आवाजाचा, बोलता बोलता हसणारा. त्याच्याबद्दल कोणी काही धरले नव्हते. माझ्याबद्दल बाकीच्यांनी काय धरले होते, ते मला पुढे कळले.

मी एका कारखान्यात हिशेब खात्यात होतो. आकडा खरा असावा, ही माझी खोड. दुसऱ्याचा आवाज कसा पोचतो ते फेरीत आकड्यांत सांगायचे असते. स्पष्टपणाला पाचपैकी, जोराला नऊपैकी. बहुतेक लोक सौजन्य म्हणून सगळ्यांना पाच-नऊ देऊन टाकतात. मी हरणीच्या काकांना वर्षानुवर्षे चार-सहा दिले, कारण त्यांच्या आवाजामागे कायम एक घरघर असायची. फिल्टर बसवा, अर्थिंग बघा, असे सल्ले सगळे देत. काका म्हणत, "बघतो." घरघर काही गेली नाही.

फेरीच्या शेवटी 'क्यू आर यू' म्हणायचे. तारेच्या काळापासून चालत आलेली ही तीन अक्षरे. प्रश्न म्हणून विचारली तर अर्थ होतो, 'तुमच्याकडे माझ्यासाठी काही आहे का?' उत्तर म्हणून दिली तर, 'तुमच्यासाठी माझ्याकडे काही नाही.' रोज प्रत्येकजण ती म्हणायचा आणि संच बंद करायचा. अर्थ कोणाच्या मनातही येत नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमचा कारखाना बंद पडला. बाहेरचा माल आमच्या मालापेक्षा स्वस्तात येऊ लागला होता. खात्याचे आकडे माझ्याच हाताखालून जात होते, त्यामुळे धक्का बसायचे मला खरे तर कारण नव्हते. तरी बसला. फाटकावर नोटीस लागली त्या दिवशी घरी येऊन रोजच्यासारखे बूट काढून जागेवर ठेवले. उद्या हे कशाला लागणार, असे मनात आले आणि मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो.

पंचेचाळिशी उलटलेली. मुलगी बारावीत. तिला पुण्याला जाऊन शिकायचे होते. ते माझ्या पगारावर होते, आणि हे तिलाही समजत होते. तिने पुण्याच्या कॉलेजांची नावे घेणे बंद केले. तिने हट्ट केला असता तर बरे वाटले असते.

मी अर्ज करत सुटलो. एका ऑफिसात टेबलापलीकडच्या तरुणाने विचारले, "अंकल, कॉम्प्युटर आवडे छे?" गुजरातीत 'आवडे' म्हणजे येते का. मला तो आवडतही नव्हता आणि येतही नव्हता. दुसरीकडे एका शेठजींनी माझा अनुभव वाचून कागद परत दिला. "एटला बधा वरस? तमे तो पगार पण एटलो ज मागशो ने." मी म्हणालो, पगार कमी द्या. ते म्हणाले, कमी पगारावर जुना माणूस टिकत नाही, तोंड पाडून बसतो. माझे तोंड तिथे बसल्या बसल्याच पडलेले होते.

काही आठवड्यांनी मी अर्ज पोस्टात टाकायचाही कंटाळा करू लागलो. दाढी एक दिवसाआड. सोसायटीत कोणी "शुं चाले छे?" म्हटले की जिना चढून घरात. फक्त सकाळची फेरी चुकवत नव्हतो, कारण तिथे मी अजून पूर्वीचाच होतो.

एका दुपारी बायको कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, तुमच्या त्या ओमांपैकी कोणी नाही का मोठ्या जागेवर? ते अलकापुरीवाले?"

"फेरीत विचारता येत नाही."

"का?"

"परवान्याची अट आहे."

"परवाना रेडिओचा आहे ना? तोंडाचा नाही ना?"

 दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी हवामान सांगितले आणि पुढे इंग्रजीत म्हणालो, "हल्ली मी दिवसभर घरीच असतो. सकाळ, दुपार, केव्हाही मोकळा. क्यू आर यू?" शेवटची अक्षरे मी अलकापुरीवाल्यांचे नाव घेऊन म्हटली. प्रश्न म्हणून, अर्थासकट. गेल्या कित्येक वर्षांत आमच्यापैकी कोणी ती अशी म्हटली नसतील.

मग त्यांचा तो स्वच्छ आवाज. "क्यू आर यू, ओल्ड मॅन." आणि फेरी पुढे गेली.

मी नकार समजलो. मला तो पोचला, पाच-नऊ पोचला. त्यानंतर चार-पाच सकाळी मी संचाला हात लावला नाही. मनात त्या माणसाचे ऑफिस रंगवायचो: काचेचे दार, गार हवा, बाहेर शिपाई. एवढ्या ओळखीच्या माणसाला एक 'बघतो' म्हणता आले नाही. बायकोला सांगितले तेव्हा ती आधी हसली, मग चिडली. "तीन अक्षरांत विचारलंत, तीन अक्षरांत उत्तर मिळालं. नोकरी अशी मागतात का कुठे? जा, समोर बसून सबंध वाक्यात विचारा."

पत्ता त्यांनी कधीतरी बोलण्यात सांगितला होता: स्टेशनकडून अलकापुरीत शिरताना मिठाईच्या दुकानावर, तिसरा मजला. मी इस्त्रीचा शर्ट घातला, प्रमाणपत्रांची पिशवी घेतली. तिसऱ्या मजल्यावर काचेचे दार नव्हते. पाटी होती, टायपिंग आणि शॉर्टहँडच्या क्लासची. आत लांब खोली, टंकयंत्रांच्या दोन रांगा, सगळ्यांवर रेक्झिनच्या टोप्या. एकाच यंत्राची टोपी काढलेली होती आणि त्यावर एक मुलगी टकटक करत होती. कोपऱ्यातल्या टेबलावर रेडिओचा संच, आणि त्याच्यामागे कोपरावर ठिगळ लावलेल्या स्वेटरमधला एक किडकिडीत माणूस.

मी नमस्कार म्हणालो आणि आवाजावरून त्यांनी मला ओळखले. ते धडपडत उठले. "अहो, तुम्ही! या, या, बसा. मी तुमच्याकडे येणारच होतो."

"माझ्याकडे?"

"धीर होत नव्हता. हवेत विचारायची सोय नाही." ते मुलीकडे बघून हळू बोलू लागले. "तुम्ही एवढ्या मोठ्या हुद्द्यावर. आकडे इतके काटेकोर देता, म्हटलं चीफ अकाउंटंट असणार. तुमच्याकडे एखादा टायपिस्ट लागत असेल तर... कारकून म्हणूनही चालेल. ही शेवटची मुलगी. बाकीची सगळी समोर कॉम्प्युटर क्लासला गेली."

मी पिशवी पायाशी ठेवली. कारखान्याचे सांगितले. त्यांना समजायला वेळ लागला.

"म्हणजे दिवसभर घरी असता म्हणालात ते..."

"तुम्हाला काय वाटलं?"

"वाटलं, स्वखुशीनं रिटायर झालात. सुखी माणूस."

"आणि मी क्यू आर यू विचारलं, तुम्ही नाही म्हणालात."

"मी नाही म्हणालो?" ते खरोखर गोंधळले. "अहो, ते आपण रोजच म्हणतो."

मुलीची टकटक थांबली होती. ते तिला म्हणाले, "चालू ठेव, बेन." टकटक पुन्हा सुरू झाली. आम्ही दोघेही एकमेकांवर डोळे लावून बसलो होतो, आणि आता बघायला कोणी उरले नव्हते. चहा सांगायचे त्यांना सुचले नाही आणि मलाही जावेसे वाटेना.

निघताना ते म्हणाले, "उद्या फेरीत या. सरळ विचारू."

"काका तोडतील."

"तोडू देत."

दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी आली तेव्हा ते प्रथमच हवेत मराठी बोलले. टायपिंगचा क्लास आहे, तो आता बंद होणार, मला काम हवे आहे. मग माझे नाव घेऊन, यांचा कारखाना बंद पडलाय, यांनाही हवे आहे. एवढे बोलून त्यांनी बटण सोडले.

काकांनी तोडले नाही. फक्त त्यांची घरघर येत राहिली. मग ते म्हणाले, "माझी पिठाची गिरणी आहे. सकाळी सातला पहिलं दळण लागतं. ही घरघर त्याची. फिल्टर काय करणार तिला?" थोडे थांबून, "माझ्याकडे माणूस ठेवण्याइतकं दळण नाही. पुढचे बोला."

पुढच्या फतेगंजच्या बाई होत्या. आम्हाला त्या कॉलेजात प्राध्यापक वाटायच्या. त्या पाळणाघर चालवत होत्या. त्यांच्यानंतरचा विमा एजंट निघाला. "तुमच्यापैकी कोणाला विकला नाही हं अजून, तेवढी नोंद घ्या," तो म्हणाला, पण कोणी हसले नाही. राहिला मांडवीचा भाई. तो मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचा.

"मारे एक माणस जोइए," तो म्हणाला. त्याला एक माणूस हवा होता. "सेल्स टॅक्सवाळा हेरान करे छे. बिल लखे, हिसाब राखे एवो."

"एकच?" अलकापुरीवाल्यांनी विचारले.

"एक ज, साहेब. ए पण अडधो दिवस."

मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो, दाबले नव्हते. माझ्या आधी त्यांचा आवाज आला. "मग ते यांचं. मला टॅक्स येत नाही." ते खरेच होते. मी बटणावरचे बोट काढले.

मी मांडवीला जाऊ लागलो. तांब्याच्या तारेची रिळे आणि उघडे पडलेले पंखे यांच्यामध्ये एक स्टूल, गुडघ्यावर फळी. भाई भला माणूस. पण अर्ध्या दिवसाच्या पगारात पुणे बसत नव्हते, हे मी फळीवर कच्चे गणित करूनच मुलीला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं." तिने बडोद्यातच कॉमर्सला नाव घातले. फेरी चालू राहिली, पण लोक कमी बोलू लागले. काकांना चार-सहा देताना माझी जीभ अडखळायची.

दिवाळीच्या आधी एके दिवशी दुकानासमोर टेंपो थांबला. मागे टंकयंत्रे एकावर एक रचलेली. अलकापुरीवाले ड्रायव्हरच्या शेजारून उतरले. यंत्रे भंगारात द्यायला ते मांडवीत आले होते. भाईने त्यांना उलटे खोके दिले बसायला, चहा मागवला.

"गिऱ्हाईक बरं दिसतंय," ते म्हणाले.

"सणाचं आहे."

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इथं अजून एकाचं निघेल का? काहीही. यंत्रं पुसायचं, पोचवायचं."

दुकानात काय येते आणि काय जाते ते मीच लिहीत होतो; त्यात दुसरा पगार बसत नव्हता. भाई पाठमोरा बसून तार गुंडाळत होता; त्याचा हात थांबला, पण तो वळला नाही.

"नाही," मी म्हणालो.

"वाटलंच होतं. विचारून बघितलं." ते उठले, पँट झटकली. "सुरतेला मेव्हणा आहे. साड्यांच्या गोदामात मालाची चलनं टाइप करून घेतात, म्हणतो. अजून हातानं टाइप करत असतील का हो कुठे?"

"करतात," मी म्हणालो. "सुरतेला अजून पुष्कळ ठिकाणी करतात."

ते मान हलवून टेंपोत बसले. करतात की नाही, याबद्दल मला काहीही माहीत नव्हते.