गावपळणीतला सायकलींचा बेत

आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवळात कौल लागला की ठरलेल्या दिवशी सगळा गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन रात्री झावळांच्या खोपी घालून राहतो. गावात जिवंत असं काही मागे ठेवायचं नाही. परत यायलाही देवाला विचारावं लागतं. लहानपणी मी या दिवसांची वाट बघायचो. या खेपेला कौल लागल्याचं कळलं तेव्हा मात्र मला ती नकोशी झाली, कारण घरात बाबा अंथरुणाला खिळलेले होते.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, ‘व्हय’. भूक लागली तरी व्हय, पेज नको असली तरी व्हय, पाठ दुखली तरी व्हय. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधी कधी एखादाच शब्द तोंडात राहतो. हा माणूस तीस वर्षं पोस्टमन होता. सायकलवरून टपाल वाटत त्याने सगळी पंचक्रोशी पालथी घातली होती. त्यांचं हगणं-मुतणं, खाणंपिणं सगळं माझी बायको करायची. मी उचलायला हात लावायचो आणि वैतागायचो.

गावपळणीच्या निमित्ताने मी एक बेत काढला. खोपीत बसून राहण्यापेक्षा आपण चौघांनी तीन दिवस सायकलींवर जायचं. डांबरी रस्ता शक्य तितका टाळायचा; पाणंदींतून, मळ्यांच्या मेरांवरून, सड्याच्या उघड्या कातळावरून जायचं. पहिला मुक्काम वालावल, दुसरा वेंगुर्ले, तिसरा आरोंदा. आरोंद्याला माझी मोठी बहीण दिलेली आहे; तिथून सायकली गाडीत घालून परत यायचं. बाबांना आधीच गाडीने तिच्याकडे पोचवायचं, म्हणजे त्यांना खोपीत ओल्या जमिनीवर निजवायला नको. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढा विचार करतो हा वडिलांचा! खरं सांगायचं तर मला त्यांना परत आणायचं नव्हतं. आधी चार दिवस, मग पंधरा, मग ताईला सवय झाली की सुंठीवाचून खोकला गेला. हे मी बायकोलाही बोललो नाही. तिने विचारलं नाही. दोन वर्षांत तिची कंबर कामातून गेली होती.

मुलांना तर हर्ष मावेना. मुलगी नऊ वर्षांची, तिची स्वतःची गियरची सायकल. मुलगा सहाचा, त्याला माझ्या सायकलच्या मागे दांडा लावून जोडायचा ठरला. पहिल्या दिवशी त्याने सामानाची यादी केली आणि तीत फक्त खटखटे लाडू आणि भोपू लिहिला. मी मात्र बारकाईने कामाला लागलो. मुलं दमायच्या आधी थांबायचं, म्हणून दर तासाला सावली कुठे मिळेल ते शोधलं. सड्यावर जांभ्याचे दात टायर फाडतात, म्हणून जादा ट्यूब घेतल्या. व्हाळ-ओढे कुठे सायकल उचलून ओलांडायचे, त्यांवर साकव कुठे आहेत, विहिरी कुठे, कुत्री कुठली चावरी. इतका नेटका मी आयुष्यात कधी नव्हतो.

नकाशाचे कागद जोडून मोठे झाले होते आणि घरात एवढी सपाट जागा एकच होती, बाबांचा पलंग. मी तो कागद त्यांच्या पायांवर पसरायचो. पंख्याने उडू नये म्हणून एक कोपरा त्यांच्या उजव्या पायाखाली सरकवायचो. त्या पायाला कळत नव्हतं. बायकोने एकदा ते पाहिलं आणि कोपरा काढून त्यावर तांब्या ठेवला. ती गेल्यावर मी तांब्या बाजूला केला, कागद भिजेल म्हणून.

सगळ्या वाटा ज्याला पाठ होत्या तो माणूस नकाशाखाली झोपला होता. मी विचारायचो, “बाबा, ही पाणंद अजून चालू आसा?”

“व्हय.”

“सायकल जाता?”

“व्हय.”

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो तर पाणंदीच्या तोंडावरच चिऱ्याची खाण, दोन माणूस खोल. दुसरी वाट कुणा बाहेरच्याच्या बंगल्याच्या दगडी गडग्याला जाऊन थडकली. घरी येऊन मी चिडलो, म्हटलं, “तुमका काय म्हायत नाय तर व्हय कित्याक म्हणतास?” त्यावरही व्हय. मुलांना त्यात खेळ सापडला. मुलगी विचारायची, “आजोबा, तुम्ही हत्ती आसात?” “व्हय.” “आमच्या बाबांक शेपूट आसा?” “व्हय.” दोघं लोळण घेऊन हसायची. बाबाही अर्ध्या तोंडाने हसायचे. मीही हसायचो. त्यानंतर मी प्रत्येक वाट तीन-तीनदा खात्री करूनच नकाशावर घातली. बाबांच्या शब्दावर एकही वाट घेतली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बायको भांडी बांधत होती आणि मुलं अंगणात हवा भरत होती. मी पलंगापाशी बसलो. म्हटलं, “बाबा, तुमका ताईकडे धाडतंय. थंय बरा पडतला. जातलात मां?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, “व्हय.”

मी उठलो. बाहेर येऊन बायकोला सांगितलं, “बाबा तयार आसत.” ती दोरी आवळत होती. तिने माझ्याकडे वर बघितलं नाही. पाणंदींची मी तीन-तीनदा खात्री करून घेतली होती. हे एकदाच विचारलं.

सकाळी चौघा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून गाडीत घातलं. गुरांचं हंबरणं, कोंबड्यांचा कलकलाट, पोरांची धावपळ. सगळा गाव तीन रात्रींसाठी निघाला होता आणि परत येणार होता. कुणी म्हणालं, “पोस्टमन, लेकीकडे चैन हां!” बाबांनी व्हय म्हटलं.

सायकलींचा बेत सुरेख पार पडला. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. वालावलच्या तळ्याकाठी मुलगा बसल्याबसल्या झोपला. वेंगुर्ल्याच्या अलीकडे मुलगी उतारावर पडली, गुडघा फुटला, आणि रडायचं सोडून तिने आधी चेन बसली का ते पाहिलं. तीन दिवस मला रात्री कुणी उठवलं नाही. मी सुखात होतो.

आरोंद्याला पोचलो तेव्हा बाबा मागच्या पडवीत खाटेवर होते. मुलं त्यांना सगळं एकदम सांगायला लागली. बाबा आमच्या चिखलाने भरलेल्या सायकलींकडेच बघत होते. ताईने विचारलं, “उद्या न्हेतलंस मां बाबांका?” ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड. म्हटलं, “गाडयेत सायकली भरल्यार जागा खंय रवता? रवांदेत थोडे दिवस. मी तेंका इचारलंय, व्हय म्हणाले.” ताई समजली. तिने बाबांकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिली.

कौल मिळाला, गाव परतला, चुली पेटल्या. आमच्या घरात शांतता झाली होती; बायको सवयीने दोनदा बाबांच्या खोलीत पेज घेऊन गेली आणि परत आली.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. बाबा खात नाहीत, तोंड भिंतीकडे करून असतात. “मी तेंका इचारलंय,” ती म्हणाली, “घराक जावचा आसा काय? व्हय म्हणाले.”

मी म्हटलं, “ते सगळ्याकच व्हय म्हणतत गो.”

ती म्हणाली, “मगे तू इचारलंस, तेवा?”

मी म्हटलं, येतो, घेऊन जातो. ताई म्हणाली, उद्याच ये. मी म्हटलं, उद्या नको, मुलांची शाळा आहे, गाडी ठरवावी लागेल, पलंगाची दोरी सैल झालीय ती आवळून घेतो, रविवारी नक्की. गाडी सांगून ठेवली. दोरी आवळली. बायकोने गादी उन्हात घातली.

शुक्रवारी सकाळी बाबा गेले. रविवारसाठी सांगून ठेवलेली गाडी मी त्याच दिवशी आरोंद्याला नेली आणि त्यांना घरी आणलं.