आईस्क्रीमचा एक कप आणि तीन रीडिंग

मोईनभाई मुलीची बॅग भरूनच माझ्या केबिनमध्ये आले.

"म्याडम, तेवढं पथ्य लिहून द्या. चारच्या गाडीनं उदगीरला घेऊन चाललो हिला. लई झालं शिकणं."

मी लातूरला डायटिशियन आहे. मोईनभाईंचं उदगीरला टेलरिंगचं दुकान. त्यांची सानिया इथे हॉस्टेलला राहून मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करत होती. तिला टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते इंजेक्शननं घ्यावं लागतं. रविवारी संध्याकाळी ती हॉस्टेलमध्ये चक्कर येऊन पडली. साखर एकदम खाली गेली होती.

मी तिची रीडिंगची वही चाळली. इतर दिवशी आकडे ठीक, आणि ती पडली त्याआधीच्या प्रत्येक रविवारी तीनशेच्या वर.

"रविवारी काय खातेस?"

तिनं अब्बांकडे पाहिलं. मी मोईनभाईंना चहाला पाठवलं.

"मैत्रिणींसोबत आईस्क्रीम खाते," ती म्हणाली. "साखर चढते म्हणून या वेळी अंदाजानं इन्सुलिन जास्त घेतलं."

म्हणजे घोळ अंदाजाचा होता. मी तिच्या डॉक्टरांना फोन केला, कारण डोस तेच ठरवतात. मग जेवणाचा डबा मागवला आणि व्हॅनिलाचा छोटा कप. मोईनभाई परतले ते कप बघून उखडलेच.

"हे काय करायलात म्याडम? जहर हाय ते हिला!"

"बसा. तुमच्यासमोरच बघू."

साखर वाढवतात ते कार्बोहायड्रेट. त्या कपात ते साधारण एका पोळीइतके होते. म्हणून तीनऐवजी दोन पोळ्या, वरण, भाजी, काकडी आणि शेवटी आईस्क्रीम. जेवणाआधी साखर एकशे चोवीस. डॉक्टरांनी सांगितला तेवढाच डोस. दोन तासांनी एकशे एकाहत्तर.

"आता निघू?" मोईनभाईंनी घड्याळ पाहिलं.

"नाही. आईस्क्रीममधल्या फॅटमुळे साखर सावकाश चढते. अजून एक तास थांबा."

चारची गाडी गेली. शेवटचं रीडिंग मोईनभाईंनी चष्मा लावून स्वतः वाचलं. एकशे अठ्ठावन्न.

"मग त्या दिवशी पडली कशी ही?"

मी सानियाकडे पाहिलं. सानियानंच सगळं सांगितलं. मोईनभाईंनी मीटर खाली ठेवलं.

"माझ्या भीतीनं लपवलंस व्हय?"

तिनं मान डोलावली. त्यांनी बॅग उचलली. "चल, हॉस्टेलला सोडतो."

पुढं दोन महिने ती दर रविवारी मला रीडिंग पाठवायची. अंदाज बंद झाला, आईस्क्रीम चालू राहिलं. दुसऱ्या प्रयत्नात तिचा एमबीबीएसला नंबर लागला. अभ्यास तिचा, पण पेढे वाटल्यासारखं ते मी सगळ्या क्लिनिकला सांगत फिरले.

"बंद करा" असं लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. "किती" हे शिकवायला अख्खी दुपार गेली. आमच्या कामाला तेवढा वेळ लागतोच.