वन्संची किडनी

वन्सं गेल्या त्या दिवशी सकाळी त्यांचे एकवीस शर्ट इस्त्री करून झाले होते. बाविसावा अर्धा झाला होता. डोळ्यापुढे अंधारी येतेय म्हणाल्या, आधी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मग कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या. मी धावत जाऊन पाठीला हात लावला, तर माझ्याकडे बघितलं पण नाही. दाराकडे बघून म्हणाल्या, "ठमे, सकाळची गोळी घेतलीस का?"

"घेतली गं आत्या."

झालं, तेवढंच. गाडी येईपर्यंत गेल्या. हृदय थांबलं म्हणाले डॉक्टर, किडनी दिली त्याचा काही संबंध नाही. ठमी माझी मुलगी, दहा वर्षांची. शेवटचा शब्द पण तिलाच, माझ्या वाट्याला काही नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. संसार मोडला तशा इस्त्री घेऊन आमच्याकडे आल्या. पुढच्या खोलीत टेबल टाकलं, गल्लीभरचे कपडे यायचे. कॉलर बघून माणूस सांगायच्या. म्हणायच्या, "आमच्या भावाची कॉलर एकाच बाजूला मळते. बायको बसते तिकडे मान वळलेली असते ना."

मी पाकिटं भरायला कारखान्यात जायचे, म्हणून ठमी त्यांच्याच टेबलाखाली वाढली. जन्म मी दिला, पण पडली झडली की हाक आत्याला. मी उचलायला गेले तर हात पाय झाडायची. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा.

पाच वर्षांची असताना तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. जवळच्या लहान दवाखान्यात म्हणाले, रक्त फार कमी झालंय, चढवावं लागेल, घरातलं कुणी दिलं तर लवकर होईल. तिचा, माझा, वन्संचा रक्तगट एकच. मी कागदावर सही करतेय तोवर वन्सं बाही वर करून खाटेवर आडव्या झाल्या पण.

मी म्हटलं, "उठा. आई जिवंत आहे अजून."

"अगं, तू वाळकी काडी. तुलाच चढवायची वेळ येईल."

"येऊ दे. उठा तुम्ही."

उठल्या. बाही खाली केली, तिच्या चुण्या हाताने सारख्या करत बसल्या. दोन महिन्यांनी परत रक्त लागलं, तेव्हा मी त्यांना कळूच दिलं नाही. एकटीच जाऊन देऊन आले. गल्लीत सांगत सुटले, माझं रक्त आहे तिच्या अंगात.

मग मोठ्या दवाखान्यात किडनी बदलायचं ठरलं. नवऱ्याला साखर, त्यामुळे त्याची चालणार नव्हती. मी म्हटलं माझी घ्या, त्यात विचारायचं काय. तपासणी झाली. डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "हिला रक्त कुणी दिलं होतं?"

मी ताठ मानेने सांगितलं, "मी. दोनदा."

बाईंनी कागद खाली ठेवला. मग समजावून सांगितलं. बाहेरचं रक्त आलं की शरीर त्याची ओळख धरून ठेवतं. परत त्याच माणसाचं काही आत आलं की शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतं. म्हणून किडनीसाठी थांबलेल्या मुलांना होईल तेवढं रक्त टाळतात, इंजेक्शन देऊन वाढवतात. नाइलाज असला तरच चढवतात, आणि ज्याची किडनी घ्यायची त्याचं तर नाहीच. "तिचं शरीर तुमच्या विरुद्ध तयार झालंय," म्हणाल्या. "तुमची किडनी टिकणार नाही."

वन्संची तपासली. जुळली.

घरी येताना वन्सं माझा हात धरून म्हणाल्या, "तू मला खाटेवरून उठवलंस म्हणून माझी चालली बघ." कौतुकाने म्हणाल्या होत्या. मला टोमणाच लागला. चांगला कडक टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

ऑपरेशन झालं, पाच वर्षं किडनी छान चालली. ठमी पोटावर हात ठेवून सगळ्यांना सांगायची, "इथे आत्या आहे." मी भाजी चिरत ऐकायचे.

आता वन्संना जाऊन पंधरा दिवस झाले. ठमीला दिवसभर पाणी पाजावं लागतं, किडनीसाठी. काल मी पेला भरून दिला. तिने नुसतं बोट लावलं.

"गार आहे. आत्याला गार बाधतं."

"पिणार कोण? तू का आत्या?"

"दोघी."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. बाई गेली तरी घरात हुकूम तिचाच. पेला उचलला, आत गेले, पाणी कोमट केलं. ठमी सगळं प्यायली आणि तिने रिकामा पेला माझ्या हातात दिला.