रनवेवरचं टेंगूळ

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईला विमानतळाचं काय पडलंय, असं कोणीही विचारील. पण ताईला पडलेलं होतं. दिवसभर ती घराच्या तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये मेणाचे हिरडे घडवायची, प्लास्टरच्या जबड्यांवर दात बसवायची, चावताना उंच लागणारा दात घासून घासून बरोबरीला आणायची. संध्याकाळी हात धुतले, केसांतली प्लास्टरची भुकटी झटकली, की कॉम्प्युटरपुढे बसून विमानतळ बांधायची. एकच विमानतळ, पण काम बारा महिने तेरा काळ. आज विमानं ठेवायच्या हँगरचं दार, उद्या वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, परवा कुंपणाला टेकवलेली सायकल. नवरा म्हणायचा, "आपल्या मोरीचा नळ गळतोय, तेवढा तुझ्या विमानतळातून वेळ मिळाला तर बघ." ताई म्हणायची, "तू बघ की." नळ गळतच राहायचा.

कॉम्प्युटरवर विमान उडवायचा जो प्रकार असतो, त्याला खेळ म्हटलेलं ही मंडळी अजिबात खपवून घेत नाहीत. सिम्युलेटर म्हणायचं. त्यात म्हणे सगळं जग असतं. असेल बापडं, पण बंद पडून वर्षं लोटलेला, जमीन विकून घरं उठलेला एक चिमुकला विमानतळ त्यात कोण कशाला ठेवेल? तो ताईने ठेवला. मूळ सिम्युलेटरला असा मागाहून जोडायचा तुकडा म्हणजे अ‍ॅड-ऑन. तिने तो फुकट वाटला आणि जगभरातून नाही, तर आसपासच्या आठ-दहा टाळक्यांनी तो घेतला. तेवढ्यांनीच मिळून एक मंडळ केलं.

हे सगळं तिने केलं ते दादासाठी. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्या विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना 'उतर', 'थांब', 'आता जा' सांगणारा कंट्रोलर. लग्न केलं नाही. ताई म्हणायची, टॉवरशीच लावलंय, दुसरी कोण नांदणार! विमानतळाला कुलूप लागलं आणि हा माणूस ताईच्या वरच्या खोलीत येऊन राहिला, तो असा गप्प की पंखा चालू आहे की नाही त्यावरून खोलीत माणूस आहे का ते ओळखायचं. दाढी वाढलेली, लेंगा चुरगळलेला. अ‍ॅड-ऑन तयार झाला तेव्हा ताईने त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवला, पडद्यावर टॉवरची खिडकी उघडून दिली आणि म्हणाली, "बस आता. पोरं विमानं घेऊन आलीत." 'पोरं' म्हणजे साठीला टेकलेली.

तेव्हापासून रविवार हा दादाचा. सकाळी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि दुपारचा चहा झाला की हेडफोन. मंडळातले त्याला नावाने हाक मारतच नसत. "टॉवर, नमस्कार!" म्हणायचे. दादा तो नमस्कार आठवडाभर पुरवून पुरवून वापरायचा, असं ताईला वाटे. रविवार चुकला, तर हा माणूस पुन्हा त्या पंख्याखाली जाऊन पडेल, हे तिला पुरतं माहीत होतं.

आणि नेमकी नव्या सिम्युलेटरची बातमी आली.

मंडळाचा म्होरक्या होता औषधांच्या दुकानाचा मालक, केमिस्ट. गोड माणूस, पण नवीन काही निघालं की याला दम धरवत नाही. एका रविवारी सगळे जमलेले असताना त्याने जाहीर करून टाकलं, "महिनाअखेर सगळ्यांनी नव्यावर यायचं. काय दिसतंय हो त्यात! झाडाचं पान न् पान! ताई, तुमच्या विमानतळाचं त्यात काम झालं तर फारच छान. नाही झालं तरी हरकत नाही, आपण मोठ्या विमानतळावरून उडू. तिथे टॉवरचा आवाजसुद्धा मशीनचाच आहे, कोणाला त्रास नको."

'कोणाला त्रास नको' ऐकून ताईच्या अंगाची लाहीलाही झाली. मान वळवून बघते तर शेजारी दादा हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवत होता. "बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "तू उगीच जिवाचा आटापिटा करू नकोस, छोटे."

"तू गप रे," ताई म्हणाली. "मी बघते."

नवा सिम्युलेटर घातला, त्याला आपला जुना अ‍ॅड-ऑन जोडला आणि ताईने डोक्याला हात लावला. या नव्या बेट्याने जमिनीचे वरून काढलेले फोटो बघून खरीखुरी घरं उभी केली होती. म्हणजे विमानतळाच्या जागेवर आज जी कॉलनी आहे, ती रनवेवर जशीच्या तशी. मधोमध दातांच्या डॉक्टरांचा दुमजली बंगला. हे डॉक्टर म्हणजे ताईचं मोठं गिऱ्हाईक, आणि कवळी परत पाठवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ताईने आधी पोटभर हसून घेतलं. मग घरं पुसायला जो चौकोन आखावा लागतो तो आखला, आणि पहिला बळी डॉक्टरांच्या बंगल्याचा घेतला. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. नवऱ्याला हाक मारून दाखवलंसुद्धा.

"अगं, त्यांची गाडी राहिली," नवरा म्हणाला. गाडीही गेली.

घरं गेली, झाडं गेली, अधांतरी लोंबणारा वाऱ्याचा मोजा खांबाला आणून बांधला. पण खरी गंमत पुढेच होती. जुन्या सिम्युलेटरचा एक हट्ट होता. विमानतळ म्हणजे पाटासारखा सपाट, दुसरं काही चालायचं नाही. ताईचा रनवे त्यामुळे एका पातळीत आखलेला. नव्यात जमीन खरी, चढउतारांची. परिणाम असा की रनवेच्या ऐन मधे जमीन डांबर फोडून वर आली होती. हे एवढं गवताचं टेंगूळ! विमान धावत निघालं की त्यात नाक खुपसायचं.

आता उंचवटा दिसला की ताईचा हात शिवशिवणार. जन्म गेला तिचा उंच लागणारे दात घासण्यात. तिने जमीन सपाट करायचं हत्यार काढलं आणि टेंगूळ दाबलं. ते दबलं तर कडेला कडा उभा राहिला, हँगर कड्यावर लटकायला लागलं. कडा उतरता केला तर टॉवर खड्ड्यात गेला. टॉवर वर काढला तर कुंपण हवेत. नाकी नऊ आले तिच्या. वर्कशॉपमध्ये चुकून वरच्या जबड्याचे दात खालच्याला लावून बसली. डॉक्टरांचा फोन आला, "ताई, लक्ष कुठे आहे?" ती मनात म्हणाली, तुमच्याच बंगल्याच्या जागेवर.

महिना संपत आला तेव्हा एका संध्याकाळी सगळं जमून आलं. रनवे असा झाला की गोटी ठेवली तर हलणार नाही. ताईने दादाला हाताला धरून खाली आणलं, टॉवरची खिडकी उघडून दिली आणि पाठीमागे उभी राहिली. शाबासकी ऐकायला, दुसरं काय!

दादाने बराच वेळ पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला.

"छान? एवढंच? आणि तोंड का पाडलंस?"

"नाही गं. छानच आहे. गवत अगदी खरं वाटतंय."

"दादा, तुझं 'छान' मी लहानपणापासून ओळखते. काय चुकलंय ते सांग."

दादाने चष्मा काढून शर्टाला पुसला. "चुकलं असं नाही. पण आपला असा नव्हता. मधे उंच होता. चांगलं टेंगूळ होतं."

ताई खुर्चीवर बसलीच. टॉवरवर ती पोरवयात कितीदा तरी गेली होती, पण वरून बघणाऱ्याला उंचवटा कळतो कुठे? आणि आता एकदम तिला आठवलं की डॉक्टरांच्या गल्लीत सायकल नेहमी उतरून ढकलावी लागते. दर आठवड्याला ती त्या टेंगळावरून धापा टाकत जात होती, आणि घरी येऊन तेच घासत बसली होती.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तूच म्हणालीस ना, यात विमानतळ सपाटच असतो म्हणून. आणि तू इतक्या हौसेनं केलेलं. मी काय नाक मुरडायचं त्यावर? तसं बिघडलंही नाही कोणाचं. फक्त... असं बघ. खऱ्या रनवेवर एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसायचं नाही. मधल्या उंचवट्यापलीकडे कोण आहे, माणूस आहे का म्हैस आहे, वैमानिकाला काही पत्ता नसायचा. दोन्ही टोकं दिसायची फक्त टॉवरमधून. म्हणून तर मला ठेवलं होतं तिथे. सपाट रनवेवर सगळ्यांना सगळं दिसतं. मी कशाला हवा?"

"काहीतरीच! सगळे तुला विचारून उतरतात."

"विचारतात, माझं मन राहावं म्हणून." दादा हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मागे एका रविवारी माझा माइक बंद पडलेला, मला कळलंच नाही. सगळा वेळ मी बडबडतोय, एकाला ऐकू जात नाहीये. विमानं आपली उतरतायत, उडतायत. शेवटी केमिस्ट म्हणाला, 'टॉवर, आज कंट्रोल अगदी फर्स्टक्लास.'"

ताईला आधी हसू आलं. मग तिला केमिस्टचा राग आला, मंडळाचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. दर रविवारी चहा देताना ती याच्या पाठीमागे उभी राहून खूश होत होती, आणि हा इस्त्रीचा शर्ट घालून लोकांचा चांगुलपणा झेलत बसला होता. तेही कशासाठी? तर बहिणीला वाईट वाटू नये म्हणून.

"तू वर जा," ती म्हणाली. "आणि रविवारी वेळेवर ये."

इतके दिवस घाम गाळून दाबलेली जमीन तिने सोडून दिली. सपाटी काढून टाकायला बटण एकदाच दाबावं लागलं. टेंगूळ जणू वाटच बघत असल्यासारखं वर आलं. मग रनवे त्यावर चादरीसारखा अंथरला, प्रत्येक दिवा पुन्हा आपापल्या उंचीवर बसवला. हे काम मात्र वेळखाऊ होतं, पण हात आता कुरकुरत नव्हते. मंडळाला अ‍ॅड-ऑन पाठवताना तिने एवढंच लिहिलं: 'किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.' दादालाही काही बोलली नाही.

रविवारी सगळे हजर झाले. काय ते कौतुक! गवत काय, ऊन काय, हँगरवरचा गंज काय! केमिस्टने नमस्कार-चमत्कार केले, परवानगी मागितली आणि नेहमीप्रमाणे उत्तराची वाट न बघता उतरला. उतरला तो टेंगळाच्या पलीकडे, आणि नव्या विमानाची बटणं नवी, त्यामुळे कुठलं तरी भलतंच दाबून इंजिन बंद करून बसला.

अलीकडच्या टोकाला उभा होता रिटायर झालेला बसड्रायव्हर. त्याला सगळे एक्स्प्रेस म्हणत. जन्मभर थांब्यावर न थांबता गाडी नेल्याची ख्याती. "टॉवर, निघतो!" म्हणाला आणि निघालाही.

"एक्स्प्रेस, थांबा," दादा म्हणाला.

"अहो टॉवर, रनवे मोकळाच..." एक्स्प्रेसचा आवाज मधेच तुटला. "अरेच्चा! हे काय? पुढचं काहीच दिसत नाही! रनवे संपला की काय? टॉवर! पुढे कोण आहे का?"

दादा खुर्चीत ताठ झाला. पडद्यावरच्या खिडकीतून त्याला दोन्ही टोकं दिसत होती. अलीकडे पळत सुटलेला एक्स्प्रेस, पलीकडे मेल्यासारखं पडलेलं केमिस्टचं विमान, आणि मधे टेंगूळ.

"ब्रेक मारा. पूर्ण. पुढे विमान आहे."

आयुष्यात पहिल्यांदा एक्स्प्रेस थांबला. उंचवट्याच्या जेमतेम अलीकडे.

"थांबलो," तो म्हणाला. आवाज साफ उतरलेला होता.

ताई चहा घेऊन दारात आली होती. पाऊल आत टाकणार, एवढ्यात दादाने मागे न बघता हात वर केला आणि तीही जागच्या जागी थांबली. कपातला चहा बशीत सांडला.

"केमिस्ट, मागे तुमच्या एक्स्प्रेस आहे. घाई करू नका. डावीकडचा लाल खटका वर करा. आला आवाज? आता गवतावर बाजूला घ्या. सावकाश."

"घेतो, घेतो," केमिस्ट पुटपुटला. "टॉवर, मागचा थांबलाय ना नक्की? मला दिसत नाहीये हो."

"टॉवर, मी निघू का आता?" एक्स्प्रेसने विचारलं. "टॉवर?"

दादा लगेच बोलला नाही. तो केमिस्टचं चाक गवतावर टेकायची वाट बघत होता.

"टॉवर, ऐकताय ना? बोला की हो काहीतरी!"

"आहे," दादा म्हणाला. "मी आहे इथे. सांगेपर्यंत हलायचं नाही."